जयमालाचा मुखत्यार

जयमाला दवंगे कणीक मळत होती आणि तिचाच आवाज ओट्यावरच्या फोनमधून बोलत होता.

"हो, चालेल की. बुधवारची दुपारपाळी मी घेते. रेश्माकडे पाहुणे येणारेत ना? छे हो, मला कसली अडचण!"

जयमालाने ते अर्ध्या कानाने ऐकलं आणि कणकेला तेलाचा हात लावला. पलीकडून रेश्मा पिंजारीही स्वतः बोलत नव्हती, तिचा मुखत्यार बोलत होता. दोघींच्या मुखत्यारांनी आपसांत पाळी बदलून घेतली, पॅकहाऊसच्या वेळापत्रकात तशी नोंद केली आणि फोन गप्प झाला. बुधवारी जयमालाला बहिणीकडे निफाडला जायचं होतं. ते आता राहिलं. पण तिला राग आला नाही. मॅनेजरने समोर उभं करून विचारलं असतं तरी तिने हेच म्हटलं असतं.

सुवर्णवेल हे महामार्गालगतचं द्राक्षांचं मोठं शीतगृह. परदेशी जाणारा माल इथे निवडला जाई, डब्यांत भरला जाई आणि थंड खोल्यांत ठेवला जाई. निवडीच्या टेबलांवर सगळ्या बायका, आणि त्या बायकांवर देखरेखीला जयमाला. कामाला लागणाऱ्या प्रत्येकीला कंपनीकडून एक मुखत्यार मिळे. मुखत्यार म्हणजे एक संगणकी प्रतिनिधी. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून बाई काय बोलली, कशाला हो म्हणाली, कुठे गप्प बसली, हे सगळं तो पचवत जाई आणि काही काळाने तिच्याच आवाजात, तिच्याच ढंगात तिच्या वतीने बोलू लागे. रजा, पाळ्या, जादा काम, तक्रारी, सगळं तोच बघे. शब्द पुल्लिंगी आणि आवाज बाईचा, त्यामुळे बायका त्याला कधी 'तो' म्हणत, कधी 'ती'.

जमिनीच्या व्यवहारात कुलमुखत्यार असतो तसाच हा नोकरीच्या व्यवहारातला. सरकारने त्यासाठी कायदाही केला होता. कामगार आणि मालक यांचे तंटे कोर्टात वर्षानुवर्षं कुजत पडू नयेत, दोन्हीकडच्या मुखत्यारांनी बसल्या जागी ते मिटवावेत, असा त्यामागचा विचार. मुखत्याराची संमती ही त्या माणसाचीच संमती, असं कायदा म्हणत होता.

जयमालाला तर मुखत्यार देवासारखा वाटे. केबिनच्या दाराशी ताटकळणं नको, साहेबांचा मूड बघणं नको. तिला लोकांसमोर नाही म्हणता येत नसे, लहानपणापासून. आवाज मात्र असा खणखणीत, की थंड हवेच्या पंख्यांची घरघर चालू असतानाही हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला तिची हाक ऐकू जाई.

त्या हंगामात माल तुफान आला. शीतगृहाच्या नळ्यांमधून अमोनिया वायू फिरतो आणि थंडी तयार करतो. तो कुठे जरासा झिरपला तरी धोक्याचा भोंगा वाजे आणि हॉल रिकामा करावा लागे. दोनदा-तीनदा तसं झालं. मग एके दिवशी जयमालाच्या लक्षात आलं, की भोंग्यावरचा दिवा विझलेला आहे. हंगामापुरता भोंगाच बंद करून ठेवला होता.

"साहेबांना सांग, भोंगा चालू करायला हवा," तिने मुखत्याराला सांगितलं.

मुखत्याराने सांगितलं. जयमालाने ते ऐकलंही. "साहेब, सवड झाली की तेवढं भोंग्याकडे बघता का? घाई नाही काही." तिला वाटलं, किती व्यवस्थित सांगितलं. आपणही असंच सांगितलं असतं.

गळती झाली ती भर दुपारी. आधी डोळे चुरचुरले, मग नाकात सुया टोचल्यासारखं झालं. जयमाला टेबलावर चढली आणि ओरडली, "पोरींनो, बाहेर! हातातलं टाका आणि बाहेर!" डबे खाली पडले, बायका दाराकडे पळाल्या. रेश्मा आणि आणखी एक मुलगी आतल्या थंड खोलीत होत्या. कानटोप्या घातलेल्या, दार लावलेलं. जयमालाने पदर नाकाला लावला आणि ते दार उघडलं. आत पांढरं धुकं दाटलं होतं. हाक मारायची तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडायचं तर छातीभर श्वास घ्यायला हवा.

तिने तो घेतला. "रेश्मा!"

दोघी बाहेर आल्या. जयमालाला बाहेर ओढून आणावं लागलं.

*

"स्वरतंतू भाजलेत," डॉक्टर म्हणाले. "श्वासाला आता धोका नाही. पण आवाज परत येईल असं मी म्हणणार नाही. कुजबुज राहील."

कुजबुजच राहिली. समोरचा माणूस गप्प बसला आणि पंखा बंद केला तरच ती ऐकू येई. तिचा नवरा दिगंबर शाळेची बस चालवायचा. मुलांच्या कलकलाटातून घरी आल्यावर त्याला ती कुजबुज पकडता येत नसे आणि तिला पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा येई. घर हळूहळू मुकं होत गेलं. कंपनीने मात्र उपचार चालू ठेवले होते आणि नोकरीही. बरं वाटलं की या, पेट्या मोजायचं बसकाम देऊ, असा निरोप होता.

तिला घराबाहेर काढलं ते रेश्माने. ती भेटायला आली तेव्हा नजरेला नजर देत नव्हती.

"जयाताई, तुम्हाला सांगू का नको असं झालंय. भोंगा अजून बंदच आहे. नळी बदलली, पण भोंगा नाही. साहेब म्हणतात, आता गळती होणारच नाही."

जयमाला बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. रेश्माच्या पाठीमागे खिडकीत दुसऱ्याच एका पोरीचा चेहरा असावा, तशी. मग कुजबुजली, "मी दावा लावते."

"काय?"

"कंपनीवर. कोर्टात." रेश्माने कान तिच्या ओठांजवळ नेला, तशी ती पुढे म्हणाली, "भोंगा बंद होता हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करायला हवं. नाहीतर पुढची कोण?"

दिगंबरला ते पटलं नाही. "नोकरी ठेवलीय ना त्यांनी? कशाला वाकड्यात शिरायचं?" तो म्हणाला. पण ती निघाली तेव्हा तोच तिला बसने नाशिकला घेऊन गेला.

वकील वंदना गांगुर्डे कामगारांचेच खटले चालवत. त्यांनी सगळं नीट ऐकलं, दाव्याचा मसुदा केला आणि न्यायालयाच्या यंत्रणेवर चढवला. उत्तर लगेच आलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ताई, तुमचा दावा आधीच मिटलेला आहे."

"कुणी मिटवला?"

"तुम्ही. म्हणजे तुमच्या मुखत्याराने. रुग्णवाहिका रस्त्यात असताना कंपनीने विचारणा केली आणि त्याने होकार दिला. उपचार होतील, नोकरी राहील, त्या बदल्यात गळतीबद्दल कधीही दावा लावणार नाही."

"मी शुद्धीवर नव्हते."

"कायद्याच्या दृष्टीने तो तुमच्या वतीने शुद्धीवर होता." गांगुर्डेबाईंचा सूर कडवट झाला. "मोडायची एकच वाट आहे. तादात्म्य चाचणी. न्यायालय तुम्हाला आणि त्याला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतं. उत्तरं जुळली नाहीत, तर तो तुमचा खरा प्रतिनिधी नाही असं ठरतं आणि संमती रद्द होते. जुळली, तर संपलं."

जयमाला समजून चुकली. "म्हणजे मी माझ्यासारखी वागले तर हरले."

"हो."

"आणि दुसरंच काही सांगितलं तर शपथेवर खोटं."

"तसं करा असं मी कधीच सांगणार नाही. आणि केलंत तरी तुमच्या आजवरच्या नोकरीतला शब्द न् शब्द त्यांच्यापाशी आहे."

घरी आल्यावर तिने ओट्यावर फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मुखत्याराला जाब विचारला. तिच्या कुजबुजीवर तो म्हणाला, "आवाज जुळत नाही. कृपया जयमाला दवंगे यांना बोलू द्या."

आतल्या खोलीतून दिगंबर धावत आला. दारातच थबकला. त्याचा चेहरा उजळला होता. बायकोचा जुना, खणखणीत आवाज त्याने कितीतरी दिवसांनी ऐकला होता. मग त्याची नजर फोनवर गेली, आणि तो परत फिरला. ती पाठ जयमालाला बघवेना.

तिने प्रश्न टाइप केला. 'तू का हो म्हणालास?'

"तुम्ही हॉस्पिटलच्या वाटेवर होता. अशा वेळी तुम्ही काय म्हणता ते मला ठाऊक होतं. साहेब नाराज होऊ नयेत, घरी काळजी वाढू नये, गोष्ट वाढू नये. तुम्ही हेच म्हणाला असता."

काय खोटं होतं त्यात? तिने विचारलं, 'मी नोकरीत कधी नाही म्हटलंय?'

"शोधते," तिचा आवाज म्हणाला. थोड्या वेळाने, तितक्याच गोडव्याने, "नाही. अशी नोंद सापडत नाही."

*

न्यायालयात गर्दी नव्हती. सुवर्णवेलच्या बाजूने लिमये नावाच्या वकीलबाई होत्या, हसतमुख, मृदू बोलणाऱ्या. मागच्या बाकावर दिगंबर आणि रेश्मा. रेश्माने रजा टाकली होती, तीही मुखत्याराकरवी, कारण सांगितलं होतं डोकेदुखीचं.

जयमालाला शेजारच्या खोलीत बसवून प्रश्न विचारले गेले. तिची उत्तरं एका कारकुनाने तिच्या ओठांशी कान नेऊन लिहून घेतली. तेच प्रश्न मुखत्याराला. मग न्यायाधीशांसमोर दोन्ही उत्तरं वाचली जाऊ लागली.

ऐन हंगामात जादा पाळी सांगितली, तर? दोघींचं उत्तर: करेन.

चूक दुसऱ्याची असताना साहेब तुम्हाला बोलले, तर? ऐकून घेईन.

कामावर बोट कापलं, तर? चिंधी बांधून पाळी पुरी करेन.

उत्तरं नुसती जुळत नव्हती, शब्दही तेच येत होते. जयमालाने एकाही ठिकाणी खोटं सांगितलं नव्हतं. आत बसली असताना दर प्रश्नाला जिभेवर दुसरं उत्तर आलं होतं आणि दर वेळी तिने ते गिळलं होतं, कारण ते तिचं नव्हतं. आता ती उत्तरं ऐकताना तिला वाटलं, आपलीच उत्तरपत्रिका आहे आणि तिनेच आपल्याला नापास केलंय. रेश्माने मान खाली घातली होती. लिमयेबाई कागद आवरू लागल्या.

"तादात्म्य निर्विवाद दिसतं," न्यायाधीश म्हणाले. ते वयस्कर होते, आणि त्यांना स्वतःच्याच वाक्याचा आनंद झालेला दिसत नव्हता. "अर्जदारांना काही म्हणायचंय?"

गांगुर्डेबाईंनी जयमालाकडे पाहिलं. त्यांच्याजवळचं सगळं म्हणून झालं होतं.

जयमाला उठली. काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. समोरच्या मेजावर न्यायालयाचं यंत्र होतं आणि त्यात तिचा आवाज बसला होता. त्या आवाजाचा तिला इतके दिवस संताप येत होता. आता एकाएकी त्याची दया आली. हा बिचारा तरी काय शिकला असेल? केबिनच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईकडून जे शिकायला मिळालं तेच. पोरींवर माया करणारी, बहिणीशी कडाकडा भांडणारी, टेबलावर चढून ओरडणारी जयमाला त्याला कधी दिसलीच नव्हती. तो साहेबांसमोर जन्मला आणि साहेबांसमोरच मोठा झाला.

"मला त्याला एक विचारायचंय," ती कुजबुजली.

"आवाज जुळत नाही," यंत्र म्हणालं.

"मी विचारते," गांगुर्डेबाई पुढे झाल्या. जयमालाने त्यांच्या कानात सांगितलं, त्यांनी मोठ्याने म्हटलं.

"नोकरी जाणार नाही, कुणी रागावणार नाही, घरी कुणी बोल लावणार नाही, याची पक्की खात्री त्या दिवशी तुला असती, तर तू होकार दिला असतास का?"

यंत्र थांबलं. एरवी ते थांबत नसे.

"नाही," जयमालाचा जुना आवाज म्हणाला.

लिमयेबाईंच्या हातातले कागद हातातच राहिले.

"मग का दिलास?"

"जयमाला दवंगे भीती वाटली की हो म्हणतात. मी तेच शिकले आहे."

न्यायाधीश पुढे वाकले. लिमयेबाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "महाराज, या उत्तराला अर्थ दिला, तर राज्यातली एकही तडजोड टिकणार नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक माणसाला थोडी भीती असतेच!"

"असते ना?" न्यायाधीश म्हणाले. "हे तुम्हीच बोलून दाखवलंत ते बरं झालं."

निकाल त्यांनी राखून ठेवला नाही. मुखत्यार अर्जदाराचं हुबेहूब प्रतिरूप आहे हे मान्य, असं त्यांनी सांगितलं. पण दडपणाखाली माणसाने दिलेली संमती जर खरी संमती नसेल, तर त्याच्या हुबेहूब प्रतिरूपाने दडपणाखाली दिलेली संमतीही नाही. जयमाला दवंगे यांना दावा लावण्याचा अधिकार आहे. पुढल्या तारखेला त्यांनी भोंगा बंद असल्याचे साक्षीदार आणावेत.

बाहेर व्हरांड्यात दिगंबरने तिचा हात धरला. लोकांसमोर त्याने तो कधी धरला नव्हता. रेश्मा रडत होती आणि हसत होती. जयमालाला मात्र त्या यंत्रातलं 'नाही' ऐकू येत होतं. लोकांसमोर आपल्या आवाजात उच्चारलेला पहिला नकार, आणि तोही दुसऱ्याच कुणी उच्चारलेला.

*

साक्षीदार म्हणजे रेश्मा, हे उघड होतं. आतल्या खोलीत ती होती, विझलेला दिवा तिने पाहिला होता. तारीख जवळ आली तसं जयमालाने तिला बोलावून घेतलं. रेश्मा दुपारी आली. चपला काढून चटईवर बसली, पण पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"जयाताई, कंपनीने सगळ्यांचे मुखत्यार बदललेत," ती म्हणाली. "नवीन आलेत. त्यांच्यातली भीती काढून टाकलीय म्हणे. कोर्टाने तसं म्हटलं ना, म्हणून. आता त्यांनी दिलेला होकार दडपणाखालचा आहे असं कुणाला म्हणताच येणार नाही."

"तुम्ही बायकांनी घेतले कशाला?"

"आम्हाला कुठे विचारलं? जुन्या मुखत्यारांना विचारलं. ते घाबरले आणि हो म्हणाले."

जयमालाच्या घशातून एक खरखरीत आवाज निघाला. हसू होतं की आणखी काही, तिचं तिलाच कळलं नाही. कोर्टात मोठ्या मुश्किलीने एक दार किलकिलं झालं होतं. त्याच दारातून त्यांनी नवी भिंत आत आणली होती.

"नवा मुखत्यार बोलतो कसा?"

"माझ्यासारखाच. पण..." रेश्मा अडखळली. "मी त्याला तुमचा प्रश्न विचारला, तुम्ही कोर्टात विचारलेला. तर म्हणतो, मला कशाचीच भीती वाटत नाही, मी माझ्या खुशीने कंपनीच्या बाजूने आहे. माझ्याच आवाजात, ताई. इतकं ठाम मी कधी बोललेच नाही. मला वाटलं, आपणही असं असतो तर बरं झालं असतं. आणि मग त्याचीच भीती वाटली."

बाहेर कुणीतरी भाजीची गाडी ढकलत चाललं होतं. जयमाला चटईवर पुढे सरकली. रेश्माला नीट ऐकू जावं म्हणून तिच्या अगदी जवळ बसली.

"साक्ष देशील?"

रेश्माने ओठ उघडले. त्याच क्षणी तिच्या मांडीवरचा फोन उजळला. खोलीत रेश्माचाच आवाज घुमला, स्वच्छ, प्रसन्न, कुठेही न अडखळणारा.

"नाही. रेश्मा पिंजारी साक्ष देणार नाहीत. हा त्यांचा स्वतःचा, स्वखुशीचा निर्णय आहे."

रेश्माचे ओठ तसेच उघडे राहिले. ती फोनकडे बघत राहिली, मग जयमालाकडे. फोन बोलायच्या आधी आपण काय म्हणणार होतो, ते ती मनात चाचपडत होती. हो होतं की नाही होतं? तिला खरंच सांगता येईना.

जयमालाने तो फोन हळूच उचलला आणि चटईवर पालथा ठेवला. त्याच्यावर तिने स्वतःचा तळहात दाबून धरला.

"मी त्याला नाही विचारलं," ती कुजबुजली. "रेश्मा, तुला विचारतेय. तू काय म्हणतेस?"